तापणारा लॅपटॉप : खरी अडचण पंख्यामागे असते

लॅपटॉप तापू लागला की अनेक जण आधी कूलिंग पॅड विकत आणतात. माझ्या मते तो खर्च सर्वांत शेवटी करावा. प्रथम लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवावा, कारण बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि चादरीने ती जाळी झाकली जाते. मग विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि एखादा प्रोग्रॅम विनाकारण प्रोसेसर राबवत नाही ना, हे पाहावे.

तेथे काही वावगे दिसत नसेल, पंखा मात्र सतत घरघरत असेल आणि बाजूच्या फटीतून येणारा झोत क्षीण असेल, तर आत धूळ साचली आहे असे समजावे. ही धूळ मुख्यतः पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पट्ट्या यांच्यामध्ये अडकते व तिचा घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा, चिमटीत धरून सलग सोलता येईल असा थर बनतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. तळाचे झाकण उघडावेच लागते. वॉरंटी शिल्लक असल्यास तिच्या अटी आधी वाचाव्यात.

लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. स्क्रू ज्या जागेचे असतील त्याच मांडणीने कागदावर ठेवावेत, कारण त्यांची लांबी अनेकदा वेगवेगळी असते आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळल्यास वरच्या आवरणाला इजा होते. झाकण निघताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर काम तिथेच थांबवून ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. धुळीचा थर चिमट्याने अलगद काढून पट्ट्या मऊ ब्रशने झाडाव्यात. दाबाची हवा मारायची असल्यास पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

एवढे करूनही साध्या कामात प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत जात असेल, तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाळलेली असण्याची शक्यता मोठी आहे. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे क्रमांक असतात. सैल करताना ते उलट क्रमाने आणि आवळताना सरळ क्रमाने, थोडे थोडे फिरवावेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी तांदळाच्या दाण्याएवढीच लावावी. हे काम लांबणार असेल, तर तोवर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवावी. त्याने सहसा टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेनुसार आपोआप वाढवलेला वेग, बंद राहतो आणि थोडा वेग गमावून तापमान बरेच उतरते.