विमानं भरून जातात, तरी कंपनी तोट्यात का? तिमाही निकाल असा वाचा

निकाल हातात आला की नफ्याचा आकडा सध्या बाजूला ठेवा. आधी तीन आकडे शोधा: दर आसन-किलोमीटरचा खर्च, म्हणजे कास्क, दर प्रवासी-किलोमीटरचं उत्पन्न, म्हणजे यील्ड, आणि लोड फॅक्टर, म्हणजे भरलेल्या आसनांची टक्केवारी.

कास्कला यील्डने भागा, ब्रेक-इव्हन लोड फॅक्टर, म्हणजे ना नफा ना तोटा अशी टक्केवारी, मिळतो. समजा कास्क 6 सेंट आणि यील्ड 7.5 सेंट आहे. उत्तर येतं 80 टक्के. 180 आसनांचं विमान 1000 किलोमीटर उडवायला 10,800 डॉलर लागतात. सरासरी तिकीट 75 डॉलरचं, म्हणजे 144 प्रवाशांपर्यंत नुसता खर्च वसूल होतो. 150 जण बसले तर नफा 450 डॉलर, तोही शेवटच्या सहा जणांमुळे.

आता प्रतिस्पर्ध्याने भाडं 5 टक्क्यांनी उतरवलं आणि आपणही उतरवलं. तिकीट 71.25 डॉलर झालं. तेच 150 प्रवासी, पण आता 112.50 डॉलरचा तोटा. म्हणून ‘विक्रमी लोड फॅक्टर’ या मथळ्याला भुलू नका. भाडी पाडूनही विमान भरता येतं. दार बंद झालं की रिकामं आसन वाया गेलं आणि एक प्रवासी वाढला तर खर्च जेमतेम वाढतो, त्यामुळे भाडी पाडण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

दोन कंपन्यांचे कास्क शेजारी मांडताना उड्डाणाची सरासरी लांबी जरूर पाहा. लांब पल्ल्यात उड्डाण-उतरणीचा खर्च जास्त किलोमीटरवर विभागला जातो आणि कास्क आपोआप कमी दिसतो. लांबी वेगळी असेल तर तुलना फसते. इंधन वगळून कास्क काढला की तेलाच्या भावाची चढउतार बाजूला पडते आणि कंपनीची स्वतःची काटकसर कळते.

मग नफा कुठून आला ते तपासा. विमानं विकून तीच भाड्याने परत घेतली की त्या तिमाहीत नफा फुगू शकतो, पण भाडं वर्षानुवर्षं भरावं लागतं. मालमत्ता विकून कंपनी वाचतेच असंही नाही. अमेरिकन विमान कंपनी पॅन अ‍ॅमने 1981 मध्ये इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलं विकली, 1985 मध्ये पॅसिफिकचे मार्ग युनायटेड या दुसऱ्या विमान कंपनीला विकायचा सौदा केला; 4 डिसेंबर 1991 ला कंपनी बंद पडली. ताळेबंदात लीजची, म्हणजे भाड्याने घेतलेल्या विमानांची, देणीही बघा. आयएफआरएस 16 हा आंतरराष्ट्रीय हिशेब-नियम लागू झाल्यापासून, म्हणजे 2019 पासून, बहुतेक लीज तिथेच दिसतात. त्याआधीच्या ताळेबंदांशी थेट तुलना करू नका.

शेवटी रोकड. तिच्यातून आगाऊ विकलेल्या तिकिटांची रक्कम वजा करा, कारण ती उड्डाणं अजून व्हायची आहेत. उरलेल्या रकमेला महिन्याच्या रोख खर्चाने भागा. उत्तर दोन-तीन महिन्यांच्या आत आलं तर जपून. कंपनी डळमळते आहे असा वास आला की कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या बँका तिकिटांची रक्कम उड्डाण होईपर्यंत अडवून धरू शकतात, आणि रोकड नेमकी तेव्हाच आटते.