केस गळताहेत? बाटली विकत घेण्याआधी तीन महिने मागे जा

संक्रांतीच्या आठवड्यात माझी धाकटी जाऊ न्हाणीघराच्या जाळीवरून काढलेला केसांचा पुंजका कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात मागच्या अंगणात उजेड चांगला येतो. तिथेच पाटावर पांढरा रुमाल पसरून आम्ही तो पुंजका सोडवत बसलो, एकेक केस वेगळा करत. तोवर तिने कांद्याचं तेल लावून पाहिलं होतं, बायोटिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि शहरातल्या एका क्लिनिकने तिच्या डोक्याला हातही न लावता 48,000 रुपयांचं पॅकेज सांगितलं होतं. एक प्रश्न मात्र तिला कुणीच विचारला नव्हता: तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

नवरात्रात तिला डेंगू झाला होता.

तिचे केस पुढे आपोआप आले. पण सगळ्यांचेच असे येत नाहीत. काहींना औषध वर्षानुवर्षं लावावं लागतं, आणि काही प्रकारांत चार महिने वाट पाहिली तर गेलेले केस कायमचे जातात. म्हणून उपाय शोधण्याआधी आपला प्रकार कोणता हे ओळखायचं. त्यातला बराच भाग घरच्या घरी करता येतो.

गळतात की तुटतात, ते आधी बघा

गळलेले दहा-बारा केस पांढऱ्या कापडावर ठेवा आणि दोन्ही टोकं नीट बघा. एका टोकाला मोहरीपेक्षाही बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो केस मुळापासून आला आहे. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल तर तो मध्येच तुटला आहे. पांढरा ठिपका बघून पुष्कळ जणी घाबरतात, ‘मूळच निघून आलं’ म्हणतात. तसं नाही. आयुष्य संपलेल्या केसाचं ते टोक असतं. केस उगवतो ती पिशवी त्वचेत जागेवरच राहते आणि तिथून पुन्हा केस येतो.

तुटण्याची कारणं बाहेरची असतात: स्ट्रेटनिंग, रंग, ओले केस विंचरणं, ओढून बांधलेला अंबाडा. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड आणि बाकी बोअरिंगचं, असं पुष्कळ घरांत चालतं. बोअरिंगच्या जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात. पण त्याने टक्कल पडत नाही. शेवटचा तांब्या नर्मदेच्या पाण्याचा घेतलात तरी फरक जाणवतो. खोबरेल तेलाचा उपयोगही इथेच आहे. ते केसाच्या दांड्यात शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. मुळाशी चाललेलं गळणं मात्र ते थांबवत नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवूच नका. कोंड्यामागची बुरशी स्निग्ध पदार्थांवरच वाढते. किटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुतलेला बरा.

इंदूरमध्ये डॉक्टरांशी बोलणं बहुधा हिंदीतच होतं. तिथे ‘बाल झड़ रहे हैं’ आणि ‘बाल टूट रहे हैं’ यांतला फरक जपून सांगा. आपण मराठीत दोन्हीला सर्रास ‘गळतात’ म्हणतो, आणि मग डॉक्टरांना पहिली पाच मिनिटं भलत्याच दिशेने विचार करावा लागतो.

किती गळले म्हणजे जास्त

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि दिवसाला 50 ते 100 गळणं नेहमीचं आहे. आठवड्यातून दोनदाच न्हात असाल तर मधल्या दिवसांचे अडकून राहिलेले केस त्या दिवशी एकदम निघतात, त्यामुळे जाळीवरचा पुंजका भीतिदायक दिसतो. रोज मोजत बसू नका. त्याऐवजी ही परीक्षा करा. न्हाऊन एक दिवस झाल्यावर पन्नास-साठ केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत धरा, आणि मुळापासून टोकापर्यंत हलक्या ताणाने बोटं सरकवत न्या. डोक्यावर तीन-चार जागी असं करा. दर वेळी सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती खरोखर चालू आहे.

कॅलेंडर काढा

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि त्यानंतर तो साधारण तीन महिने नुसता विसाव्याला बसून राहतो. मग गळतो. शरीराला मोठा धक्का बसला की पुष्कळसे केस एकाच वेळी या विसाव्यात जातात. गळतात ते तीन महिन्यांनी, तोवर आपण तो ताप विसरून गेलेलो असतो. म्हणून लोक संक्रांतीतल्या शॅम्पूला दोष देतात, आणि कारण नवरात्रात असतं.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि गळती सुरू झाल्यापासून दोन ते चार महिने मागे जा. डेंगू, टायफॉइड, चिकुनगुनिया, कोविड, ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्याने कमी केलेलं वजन, घरातला मृत्यू, नवीन सुरू केलेलं औषध, यांतलं काही सापडतं का बघा. सापडलं आणि डोकं सगळीकडून सारखंच विरळ होत असेल, तर ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. तिला उपचार म्हणजे नीट जेवण आणि धीर. बाळंतिणीला तर हे आवर्जून सांगा. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की मूठमूठ केस जातात आणि घरातल्या बायका त्याला भलतीसलती कारणं चिकटवतात. गरोदरपणात जे केस गळायचे राहिले होते, तेच हे.

कॅलेंडरात काहीच सापडलं नाही, किंवा सहा महिने उलटूनही गळती थांबली नाही, तर पुढे चला.

केस कुठून गेले

पुरुषांत कपाळाचे दोन कोपरे आणि टाळू, बायकांत रुंदावत जाणारा भांग, ही आनुवंशिक टकलाची खूण. यात टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकामुळे केसाची पिशवी दर फेरीत लहान होत जाते आणि केस लोकरीसारखा बारीक होतो. हा वारसा आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. फक्त मामाच्या डोक्याकडे बघून निकाल लावू नका. तरुण मुलीला यासोबत पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील तर पीसीओएस या अंडाशयाच्या, संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी करून घ्या.

रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई. आयुर्वेदात हिला इंद्रलुप्त म्हणतात. कीड लागली म्हणून लसूण चोळण्याची पद्धत अजून आहे आणि त्याने मुलांची टाळू भाजलेली मी पाहिली आहे. कृपा करून असं करू नका. यात कीड नसतेच. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच केसांवर उलटलेली असते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात, आणि त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात त्यानेही भरतात. सगळं डोकं गेलं असेल तर आता बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत, 2022 साली अमेरिकेत त्यांना या आजारासाठी मान्यता मिळाली. पण त्या नियमित रक्ततपासणीखालीच घ्यायच्या असतात.

लहान मुलाच्या डोक्यावर पापुद्रे सुटलेला, खाजणारा चट्टा असेल आणि त्यात केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असतील, तर तो गजकर्ण. त्याला मलम पुरत नाही, काही आठवडे पोटातून औषध लागतं. फणी, टॉवेल आणि टोपी घरात वेगळी ठेवा.

एका प्रकाराला मात्र धीर धरू नका. टाळूची आग होते, दुखतं, आणि केस गेलेली जागा इतकी चकचकीत झाली आहे की तिथे केसांची छिद्रंच दिसत नाहीत, असं असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. यात पिशवी मरते आणि तिथे व्रण होतो. उरलेले केस वाचवता येतात, गेलेले कुठलंही औषध परत आणत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ‘हेअर एक्स्पर्ट’ ही पदवी नाही. खासगी फी जड वाटत असेल तर महाराजा यशवंतराव रुग्णालयात, आपल्या एमवायमध्ये, त्वचारोगाची ओपीडी आहे. रांग लागते, पण तिथे विकायला पॅकेज नसतं. जाताना डोक्याला तेल लावू नका, आदल्या दिवशी न्हाऊ नका, चालू औषधांची चिठ्ठी आणि वर्षापूर्वीचा एखादा लग्नातला फोटो सोबत न्या. डॉक्टर भिंगातून टाळू बघतील. बघितली नाही तर तुम्हीच विनंती करा.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडसाठी टीएसएच या तपासण्या साधारणपणे सांगतात, गरजेप्रमाणे ड जीवनसत्त्व आणि बी 12. इथे एक गोष्ट नीट ऐका. बायोटिनच्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी त्या बंद करा आणि घेत होतात हे प्रयोगशाळेत सांगा. जावेचा पहिला रिपोर्ट याच कारणाने पुन्हा करावा लागला. शिवाय बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते. अतिरेकही वाईट: अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात. 2025च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगावजवळच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा तपासणीत सेलेनियमच वाढलेलं आढळलं होतं.

फेरिटिन कमी आलं तर लोहाच्या गोळ्यांबरोबर चहाची वेळ बदला. आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात ते उत्तम, त्याने लोह अंगी लागतं. पण लगेच वर घेतलेला चहा ते अडवतो. मध्ये तासभर जाऊ द्या. आणि श्रावणात वाटीवाटी साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्या बायकांनो, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. दूध, दही, पनीर, दाण्याची आमटी तरी घ्या. केस प्रथिनांचेच बनतात.

कशावर पैसे घालावेत

आनुवंशिक टकलावर पक्का पुरावा असलेली औषधं मोजकी आहेत. मिनॉक्सिडिल ब्लड प्रेशरची गोळी म्हणून आलं. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचं लावायचं औषध झालं. पुरुषांना 5 टक्के, दिवसातून दोनदा 1 मिली. बायकांना 2 टक्के, किंवा डॉक्टर सांगतील तसं 5 टक्के. केसांवर नाही, भांग पाडून कोरड्या टाळूवर लावायचं. मग हात धुवा, आणि झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून गालाला लागून तिथे केस येतात. घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्यासाठी हे विष आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वापरू नये.

पहिल्या दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात. पुष्कळ जण घाबरून इथेच बाटली फेकतात. तीच खरी चूक. जुने केस नव्यांना जागा देत असतात. फरक चार महिन्यांनी दिसू लागतो, पूर्ण अंदाज वर्षाने येतो, आणि औषध बंद केलं की काही महिन्यांत मिळालेलं जातं. रोज लावणं जमणार आहे का, हे आधी मनाशी ठरवा.

पुरुषांसाठी 1 मिलिग्रॅम फिनास्टेराइडची गोळी डीएचटी कमी करते. काहींची लैंगिक इच्छा कमी होते, काहींचं मन उदास होतं. असं झालं तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण तिच्यामुळे आकडा निम्म्यावर येतो. मित्राच्या चिठ्ठीवर ती घेऊ नका, आणि गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

पीआरपीचा, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून टाळूत टोचण्याचा, काहींना फायदा होतो, पण परिणाम सारखे नाहीत. ती जोड म्हणून ठीक, एकटा उपाय म्हणून नाही. केसरोपणात मागचे केस पुढे लावतात, नवीन केस तयार होत नाहीत. गळती स्थिरावल्यावरच ते करावं, आणि चिरा देणारा हात डॉक्टरचा की तंत्रज्ञाचा, हे विचारावं. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. तो देताना का-कू झाली तर उठा. ‘टक्कल शंभर टक्के बरं’ अशी पाटी दिसली तरी उठा: औषधांच्या नियमांतल्या अनुसूची ‘जे’मध्ये टकलाचं नाव आहे, म्हणजे औषध ते बरं करतं असा दावाच करता येत नाही.

दर महिन्याचा फोटो

आरशावर विसंबू नका, मन रोज वेगळं दाखवतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्याच खिडकीत, सकाळी त्याच वेळी, कोरड्या केसांचा भांग मधोमध पाडून दुसऱ्या कुणाकडून फोटो काढून घ्या. जावेचे असे फोटो मीच काढले. एप्रिलच्या फोटोत तिच्या भांगाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे केस उभे दिसले आणि ती पुन्हा घाबरली, ‘बघा वहिनी, तुटायला लागले’. आम्ही पुन्हा अंगणात गेलो आणि भिंगातून त्यांची टोकं बघितली. तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं, नव्याचं निमुळतं. तिचे सगळे निमुळते होते.