कॉन्फिग रजिस्टरमध्ये दर वेळी पूर्ण शब्द लिहा

मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरात भरती-ओहोटी नोंदवायला प्रेशर सेन्सरसोबत एडीएस १११५ (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारी चिप) लावला असेल, तर पावसाळ्याआधी प्रोग्राममधली एक ओळ तपासा. पुष्कळ जण कॉन्फिग रजिस्टर (चिपची सेटिंग ठेवणारा १६ बिटांचा शब्द) वाचतात, फक्त सर्वांत वरचा बिट १ करतात आणि तोच शब्द परत लिहून मोजणी सुरू करतात. लाइटच्या झटक्याने चिपचा पुरवठा क्षणभर तुटला की हे रजिस्टर मूळ किमतीवर, म्हणजे हेक्स ८५८३ वर जातं. कंट्रोलर बॅटरीवर चालूच राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. तुमचं गणित ±४.०९६ व्होल्ट रेंजचं, चिप मोजते ±२.०४८ वर, तेही शून्य आणि एक या चॅनेलमधला फरक. एक नंबरचा चॅनेल ग्राउंडला जोडलेला असेल तर आकडे थेट दुप्पट येतात, आणि उधाणाला ३२७६७ या कमाल आकड्यावर अडकतात. ओहोटीचे मात्र खरेच वाटतात, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

म्हणून दर वाचनाला पूर्ण शब्द लिहा: हेक्स सी३०३. शून्य नंबरचा चॅनेल, ±४.०९६, सिंगल-शॉट (एका वेळी एकच मोजणी), सेकंदाला ८ नमुने, कंपॅरेटर (मर्यादा ओलांडल्याचा इशारा) बंद. भरतीचं पाणी सावकाश चढतं, एवढा वेग पुरतो. वरचा बाइट आधी पाठवा. लिहिल्यावर रजिस्टर वाचून ताडून बघा, पण वरचा बिट तुलनेतून वगळा. मोजणी चालू असताना तो ० असतो. साधारण १२५ मिलिसेकंदांनी १ झाला की आकडा उचला. आणि पुरवठा ३.३ व्होल्टचा असेल तर इनपुट त्याच्या वर नेऊ नका, रेंज ४.०९६ असली तरी.