नोकरी सुटली म्हणून पेन्शनचे पैसे काढू नका

गावाहून मुंबईत आलेल्या माणसाच्या पहिल्या काही वर्षांत दोन-तीन नोकऱ्या बदलतातच. अंधेरीच्या एमआयडीसीत कारखाना, मग भिवंडीचं गोदाम, मग बीकेसीत ठेकेदाराकडून हाउसकीपिंग. नोकरी सुटली की कोणीतरी सांगतंच, 'पीएफ काढून घे.' पण पीएफ आणि पेन्शन हे दोन वेगळे पैसे आहेत.

तुमच्या पगारातून कापलेले 12 टक्के सगळे पीएफमध्ये जातात. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला, उरलेले पीएफला. पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, म्हणून पासबुकात पेन्शनच्या रकान्यात महिन्याला जास्तीत जास्त 1,250 दिसतात. (1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच 15,000 हून जास्त पगारावर लागलेल्यांना ही पेन्शन लागू नाही.)

पेन्शनसाठी 10 वर्षं सेवा लागते, सगळ्या नोकऱ्या मिळून. साडेनऊ भरली तरी दहाच धरतात. पाच वर्षांनी फॉर्म 10सी भरून पैसे काढले, तर ढोबळमानाने वर्षाला एक महिन्याचा पगार, म्हणजे 15,000 पगारावर 75,000 च्या आसपास हातात येतात, आणि ती पाच वर्षं पुसली जातात. पुढची मोजणी शून्यापासून. तेच 10 वर्षं पूर्ण केली, तर 15,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे महिना 2,143 रुपये, वयाच्या 58 पासून हयातभर आणि नंतर जोडीदाराला कुटुंब पेन्शन. फार मोठी रक्कम नाही, पण म्हातारपणी औषधपाणी तरी कोणाकडे मागावं लागत नाही.

म्हणून नवी नोकरी लागताच जुनं खातं ट्रान्सफर करा. ट्रान्सफरनंतर पासबुकात पेन्शनचा आकडा शून्य दिसतो आणि लोक हादरतात. पैसे बुडालेले नसतात. पेन्शनच्या बाबतीत रक्कम नाही, सेवेचा काळ पुढे जातो. पुढे पीएफवाली नोकरी लागेल याची खात्री नसेल, तर त्याच 10सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा. आधीची सेवा त्यावर नोंदलेली राहते.

बहुतेक क्लेम अडकतात ते नोकरी सोडल्याची तारीख नसल्यामुळे. ठेकेदार ती भरत नाही, नंतर फोनही उचलत नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की तुम्हीच पीएफच्या पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' करू शकता. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. गावाकडचं जुनं सिम बंद पडलं असेल, तर आधी आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या. तारीख शेवटचा हप्ता भरलेल्या महिन्यातलीच टाका आणि दोनदा तपासा, नंतर ती तुम्हाला बदलता येत नाही.

दुसरी अडचण दोन यूएएनची, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ नंबरची. नव्या ठेकेदाराला जुना 12 आकडी नंबर पहिल्याच दिवशी द्या, नाहीतर नवा नंबर निघून सेवा दोन जागी तुटू शकते.

पाच वर्षं सेवा होण्याआधी 50,000 किंवा जास्त पीएफ काढला, तर पॅन असूनही 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. पैसे काढण्यासाठी किती महिने थांबायचं, याबाबत ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने नवे निर्णय घेतले आहेत, तेव्हा अर्जाआधी पोर्टलवरचा चालू नियम वाचा. अर्ज फुकट आहे. एजंटला टक्केवारी देऊ नका. वांद्रे पूर्व, कांदिवली, ठाणे, वाशी इथे पीएफची कार्यालयं आहेत, पण तुमची कंपनी ज्या कार्यालयाखाली येते तिथेच जा.