पवनचक्कीची जादा वीज: बॅटरी भरल्यावर या चुका टाळा

गोव्याच्या किनाऱ्यावर छोट्या पवनचक्कीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. घरात मात्र रात्री दोन दिवे नि एक पंखा. बॅटरी भरते, मग उरलेली वीज जाणार कुठे?

सगळ्यांत घातक चूक म्हणजे बॅटरी भरली म्हणून चक्कीचा स्विच पाडणं. सोलर पॅनलला हे चालतं. चक्कीवरचा भार गेला की पाती बेफाम फिरतात, व्होल्टेज चढत जातं, रेक्टिफायर (चक्कीच्या एसी विजेची डीसी करणारा भाग) जळतो, पातं तुटून उडण्याचीही भीती असते. म्हणून बॅटरी भरली की जोडणी तोडणारा सोलरचा चार्ज कंट्रोलर चक्कीला लावू नका. तिला डायव्हर्जन कंट्रोलर हवा. तो बॅटरी न तोडता जादा वीज डंप लोडकडे, म्हणजे ती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरकडे, वळवतो.

दुसरी चूक डंप लोड निवडताना होते. ‘२००० वॅटची गिझरची कॉइल आहे, पुरेल की!’ नाही पुरत. ती २३० व्होल्टसाठी बनलेली, तिचा रोध सुमारे २६ ओहम. २४ व्होल्टच्या बॅटरीवर, चार्जिंगच्या २८.८ व्होल्टला, ती जेमतेम ३१ वॅट खाते! १ किलोवॅटच्या चक्कीला पाव पट जास्तीचा हिशेब धरून सुमारे ०.६५ ओहमचा लोड लागतो. त्यातून ४४ अँपियर वाहतात, तेव्हा कंट्रोलर ६० अँपियरचा घ्या.

पाणी तापवायचं असेल तर जरूर तापवा, पण थर्मोस्टॅटने कॉइल तोडली की वीज पुन्हा बॅटरीत घुसते. हवेत तापणारा दुसरा रेझिस्टर जोडीला हवाच, तोही बॅटरीपासून लांब, कारण जादा चार्ज झालेल्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

डंप लोड थंड आहे आणि बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर भराभर उतरतंय? म्हणजे जादा वीज लोडपर्यंत पोहोचत नाही. आधी फ्यूज बघा, मग लग्ज, म्हणजे वायरच्या टोकांची जोडणी. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा गंज चढतो. कंट्रोलर सारखा चालू-बंद होत असेल तर लोड चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर आणि कंट्रोलरवर मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल.

हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला की वारा मंद असतानाच ब्रेक लावा, म्हणजे जनरेटरच्या तिन्ही फेजच्या वायरी एकमेकींना जोडून (शॉर्ट करून) चक्की थांबवा. भरवेगात तिन्ही फेज शॉर्ट केले तर जनरेटरचं वाइंडिंग जळू शकतं.