जुनी स्क्रोल सॉ विकत घेताना या चुका टाळा

वापरलेली स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते वर-खाली चालवून लाकडात वळणे आणि नक्षी कापणारे यंत्र, पाहायला गेलेला नवशिका सहसा पहिला प्रश्न मोटर किती वॉटची आहे हाच विचारतो, आणि विक्रेत्यालाही त्याचे उत्तर द्यायला आवडते, कारण त्या उत्तरातून यंत्राच्या अवस्थेबद्दल काहीच उघड होत नाही. या यंत्राच्या मोटरवर फारसा भार येतच नाही. साधारण पाच इंच लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर रुंद असे पाते मिनिटाला चारशेपासून सोळा-सतराशे वेळा वर-खाली करणे एवढेच तिचे काम असते. ते पाते वरच्या आणि खालच्या पकडीत किती घट्ट, किती सरळ आणि किती सहज बसते, यावर यंत्राची खरी किंमत ठरते. जुने यंत्र घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन पकडींकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

पिनवाल्या पात्याचे यंत्र घेणे

स्क्रोल सॉची पाती दोन प्रकारची असतात. एका प्रकारात पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते आणि ती यंत्रातल्या खाचेत नुसती अडकवायची असते. दुसऱ्या प्रकारात टोके सपाट असतात आणि ती स्क्रूच्या पकडीत आवळावी लागतात. पिनवाले पाते बसवायला सोपे असल्यामुळे स्वस्त यंत्रांत पुष्कळदा तेवढीच सोय असते, आणि विक्रेता हा सोपेपणा गुण म्हणून सांगतो.

मी पहिले जुने यंत्र घेतले ते असेच होते. देवनागरी अक्षरांच्या लाकडी नामपाट्या करायच्या एवढीच हौस होती. पहिलीच पाटी करायला घेतली आणि ‘व’च्या पोटापाशी गाडी अडली. अक्षराच्या आतला बंद भाग कापायचा असेल तर आधी त्या भागात छिद्र पाडून त्यातून पाते ओवावे लागते, आणि पिनेसह पाते जायला छिद्र जवळजवळ पाच मिलिमीटरचे लागते. माझ्या पाटीवर ‘व’चे अख्खे पोट तेवढ्याच मापाचे होते. रोमन लिपीत अशी बंद पोटे मोजकी असतात, पण आपल्याकडे ‘ब’, ‘व’, ‘क’, ‘ष’, ‘ठ’, ‘थ’ अशी रांगच असते, आणि ‘ब’ व ‘ष’ यांच्या पोटात तिरपी रेघ असल्याने तिथे एकाची दोन छिद्रे होतात. सपाट टोकाचे बारीक पाते एक-दीड मिलिमीटरच्या छिद्रातून आरामात जाते. म्हणून ज्याला अक्षरे, जाळी किंवा गणपतीच्या मखराचे नक्षीकाम करायचे आहे, त्याने केवळ पिनवाली पाती घेणारे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त बाहेरून कापायची खेळणी किंवा मुलांची चित्रकोडी करायची असतील, तर मात्र ते चालते.

काही यंत्रांत दोन्ही प्रकारची पाती बसतात, पण सपाट पात्यांसाठी एक वेगळा छोटा जोडभाग लागतो. जुन्या व्यवहारात नेमका हाच भाग हरवलेला असतो. ‘मिळेल कुठेही’ हे आश्वासन ऐकून पैसे देऊ नयेत. तो भाग डोळ्यांसमोर बसवून, त्यात पाते आवळून दाखवायला सांगावे. फार जुन्या किंवा अगदी लहान यंत्रांत पाच इंचांऐवजी तीन इंचांची पाती लागतात, आणि अशा पात्यांचा शोध घेण्यातच हौस संपून जाते. त्यामुळे पट्टीने पाते मोजायला लाजू नये.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट तपासावी. वरची पकड हाताने सुटते की प्रत्येक वेळी अ‍ॅलन की (षटकोनी चावी) शोधावी लागते? एखाद्या जाळीत साठ छिद्रे असतील तर पाते साठ वेळा वरून सोडून, नव्या छिद्रातून ओवून, पुन्हा आवळावे लागते. प्रत्येक वेळी एक मिनिट लागले तर निव्वळ ओवण्यात एक तास जातो, आणि पंधरा सेकंद लागले तर पाव तास. विक्रेत्याच्या घरी उभे राहून हे काम स्वतः चार-पाच वेळा करून पाहावे. स्क्रूचे आटे झिजलेले असतील तर बोटांना लगेच कळते.

विक्रेत्याच्या पात्यावर आणि विक्रेत्याच्या लाकडावर यंत्र पाहणे

विक्रेता तीन मिलिमीटर प्लायचा तुकडा कापून दाखवतो आणि यंत्र सुरेख चालताना दिसते. तीन मिलिमीटरचा प्लाय कोणतेही यंत्र कापते. स्वतःच्या पिशवीत पाच नंबरची (हा पात्याच्या जाडीचा क्रमांक) दोन-तीन नवी पाती, अठरा-वीस मिलिमीटर जाडीचा शिवणीचा किंवा सागाचा तुकडा, चार सेंटिमीटर जाडीचा एखादा ठोकळा, गुण्या, टेस्टर आणि एक नाणे एवढे सामान घेऊन जावे. सागात सिलिका असल्याने तो पात्याची धार लवकर घालवतो. म्हणून चाचणी सागावर केल्यास ते पाते नंतर नामपाटीसाठी धरू नये.

पहिली चाचणी ताणाची. पाते बसवून ताण दिल्यावर ते बोटाने छेडले असता तारेसारखा स्वच्छ सूर निघाला पाहिजे, आणि मधोमध बाजूला ढकलल्यास ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मग यंत्र पाच मिनिटे चालवून पुन्हा छेडावे. सूर उतरला असेल तर पकडीतून पाते सरकते आहे. मात्र लगेच यंत्राला नावे ठेवण्याआधी पात्याची टोके स्पिरिटने पुसून, बारीक काचकागदावर हलकेच घासून पुन्हा लावावीत, कारण नव्या पात्यांवर तेलाचा पातळ थर असतो आणि त्यानेही ती निसटतात. पुसल्यानंतरही सरकत असेल तर पकडीचे जबडे झिजून गुळगुळीत झालेले आहेत.

दुसरी चाचणी काटकोनाची. टेबलाच्या कडेवरचे अंशांचे चिन्ह शून्यावर आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये. जाड ठोकळ्याच्या कडेला पात्याने दोन-तीन मिलिमीटरची खाच पाडावी, यंत्र बंद करावे, आणि तोच ठोकळा टेबलावरून न उचलता फिरवून पात्याच्या मागच्या बाजूने त्या खाचेत घालून पाहावा. पाते खाचेत सरळ शिरले तर टेबल काटकोनात आहे. नाही शिरले तर दिसणारा फरक प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. टेबल किंचित हलवून पुन्हा आवळावे. आवळल्यानंतर ते पुन्हा आपोआप ढळत असेल, तर मात्र टेबलाखालच्या कमानीचा स्क्रू किंवा बैठक खराब आहे, आणि तो दोष प्रत्येक कामात त्रास देईल.

खेळ आणि आवाज यांतला फरक न ओळखणे

यंत्राचा प्लग काढावा, वरच्या आर्मचे, म्हणजे वरची पकड धरणाऱ्या लांब दांड्याचे, टोक दोन बोटांत धरावे आणि डावी-उजवीकडे हलवावे. किंचित लवचीकपणा चालतो, पण ‘कट्’ असा स्पर्श जाणवला तर बुश (सांध्यातली धातूची नळी) किंवा बेअरिंग झिजले आहे. मोटरच्या दांड्याची मूठ हाताने सावकाश फिरवून पाते वर-खाली जाताना पुढे-मागे किती झुकते, हेही पाहावे. समांतर आर्मच्या यंत्रात थोडे पुढे-मागे होणारच. परंतु ते डोळ्यांना ठळक दिसत असेल तर वळणांच्या कडा तिरक्या येतात.

कंपन पाहण्यासाठी टेबलावर नाणे कडेवर उभे करून वेग हळूहळू वाढवण्याची रीत प्रसिद्ध आहे. यासाठी जुने जाड पाच रुपयांचे नाणे वापरू नये, कारण ते जवळजवळ कशावरही उभे राहते. पातळ एक रुपयाचे नाणे खरे बोलते. पण यंत्र नुसते स्टुलावर किंवा हलक्या टेबलावर ठेवलेले असेल तर या चाचणीला अर्थ नाही. चांगले यंत्रही डगमगत्या बैठकीवर थरथरते. शक्य असल्यास ते जमिनीवर ठेवून चालवावे.

आवाजाबद्दल लोकांची गल्लत होते. एकसारखी घरघर चिंतेची नसते. प्रत्येक फेऱ्यात एकदा येणारा ठोका मात्र सांध्यातली झीज किंवा सुकलेले ग्रीस दाखवतो. यंत्र किमान पंधरा मिनिटे अखंड चालवण्याचा आग्रह धरावा, कारण गरम झाल्यावरच वाढणारा ठोका, जळका वास आणि वेग आपोआप उतरणे हे तिन्ही दोष पहिल्या दोन मिनिटांत लपून राहतात.

यापैकी काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, हे आपल्या परिसराप्रमाणे ठरते. गनमेटलचा बुश लेथवर करून देणारा कारागीर महाराष्ट्रातल्या बहुतेक औद्योगिक वस्त्यांत सापडतो, बेअरिंगे प्रमाणित मापांची असतील तर दुकानात मिळतात, आणि मोटरमधले कार्बन ब्रश तर सगळ्यांत सोपे. याउलट वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडले असेल, तर त्याच कंपनीचे कार्ड मिळणे अवघड असते. म्हणून रेग्युलेटर सर्वांत कमी वेगापासून सर्वांत जास्त वेगापर्यंत फिरवताना मध्येच झटका बसतो का, हे बुशाच्या खेळापेक्षा अधिक काळजीपूर्वक पाहावे. आणि बिडाच्या आर्मला तडा असेल, त्यावर वेल्डिंग केलेले असेल, तर किंमत न विचारताच परतावे.

जो दोष यंत्राचा नाही त्यासाठी यंत्र नाकारणे

ही उलटी चूक आहे आणि तिच्यामुळे चांगली यंत्रे हातची जातात. सरळ रेषेवर लाकूड ढकलले तरी काप एका बाजूला ओढला जातो, ही तक्रार नवशिक्याकडून हमखास येते. बहुतेक पात्यांचे दाते पाडताना त्यांच्या एका कडेला बारीक कूस राहते, आणि ती बाजू जास्त कापते. लाकूड काही अंश तिरके धरून ढकलले की रेषा सांभाळता येते. सगळे अनुभवी लोक तेच करतात.

पाती तुटणे हासुद्धा दोष नाही, पण पाती सतत एकाच जागी, पकडीच्या तोंडाशीच तुटत असतील तर वरची आणि खालची पकड एका रेषेत नाही. लाकूड टेबलावर थयथयाट करत असेल तर आधी पात्याचे दाते खालच्या दिशेने आहेत का ते पाहावे. घाईत पाते उलटे लावणे अगदी सहज घडते. टेबलावरचा वरवरचा गंज अर्ध्या तासात जातो. भुसा उडवणारी नळी फाटली असेल तर मत्स्यालयाची नळी चालते. त्या गंजाकडे पाहून पाचशे-हजार कमी मागावेत आणि यंत्र उचलावे.

परदेशातून आलेल्या यंत्राचा व्होल्टेज न पाहणे

अमेरिकेत राहिलेल्या मराठी कुटुंबांनी परतताना आणलेली यंत्रे अधूनमधून विक्रीला येतात, आणि ती अनेकदा उत्तम दर्जाची असतात. डीवॉल्टची वीस इंची डीडब्ल्यू ७८८, किंवा टेबलाऐवजी वरचा भागच कलणारी एक्सकॅलिबर, ही त्यांतली नेहमीची नावे. परंतु तिथला पुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, आपला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, हर्ट्झ बदलत नाहीत. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या डीसी मोटरला याचा फारसा फरक पडत नाही. ठरावीक वेगाची इंडक्शन मोटर मात्र सुमारे पाच-षष्ठांश वेगाने चालते आणि नेहमीपेक्षा जास्त तापते. मोटरवरची पाटी वाचल्याशिवाय सौदा करू नये, आणि ट्रान्सफॉर्मर निदान ५०० व्हीएचा धरून त्याची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवावी. जर्मनी किंवा इंग्लंडहून आलेल्या यंत्राचा फक्त प्लग बदलावा लागतो.

प्लगचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावलेली यंत्रे मी एकाहून अधिक पाहिली आहेत. आपले दोन्ही हात तासन्‌तास धातूच्या टेबलावर असतात. यंत्र चालू असताना टेबलाला टेस्टर लावावा, तो उजळला तर हात दूर ठेवावेत, आणि उजळला नाही तरी घरी आणल्यावर अर्थिंगची वायर जोडूनच पहिला काप घ्यावा.

मोठ्या घशाच्या मोहात पडणे

पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराला घसा म्हणतात. सोळा इंची घसा असलेल्या यंत्रावर दीड फुटी पाटीतली बहुतेक अक्षरे फिरवून कापता येतात, आणि एखादे टोकाचे अक्षर अडलेच तर सर्व बाजूंनी दाते असलेले पिळाचे पाते लावून लाकूड न फिरवता ते निघते, जरी त्याचा काप थोडा खडबडीत येतो. पहिल्या यंत्रासाठी चोवीस इंचांचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. ते पैसे तीन, पाच आणि सात नंबरच्या पात्यांच्या एकेक डझनावर घालावेत, आणि एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला फळा) कापायचा असेल तर चांगल्या मास्कवर.