गाडीचा गळका वॉटर पंप घरी बदलायचा असेल तर

ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटाचा चढ लागतो. मे महिना, एसी चालू, दुसरा गिअर. मी स्वतः बसवलेला नवा वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप, तीन दिवसांत त्याच चढावर गळला. आई मागच्या सीटवर होती, टेम्परेचरचा काटा लाल खुणेकडे चालला होता आणि बॉनेटखालून कूलंटचा गोडसर वास येत होता. पंप चांगला होता. तो इंजिनावर जिथे टेकतो, ती बैठक मी खराब केली होती. म्हणून इथे मी सगळ्यात जास्त त्या बैठकीबद्दलच लिहिणार आहे.

आधी गळती पंपाचीच आहे ना, ते बघा. शाफ्टच्या खाली पंपाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून खाली वाळलेला पांढरट, हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला, किंवा बेल्ट उतरवून पुली हलवल्यावर ती डुगडुगली, तर पंप गेला. ते भोक एम-सीलने बुजवू नका. कूलंट बेअरिंगमध्ये जाईल, बेअरिंग जाम होईल आणि बेल्ट तुटेल. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला अजूनही छातीठोकपणे दिला जातो. हळदीने सील दुरुस्त होत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र तुंबतात.

पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनातल्या झडपांची वेळ जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर चालत असेल तर गाडी चांगल्या मिस्त्रीकडे द्या आणि बेल्टही त्याच वेळी बदलून घ्या. खुणा एखाद-दोन दात चुकल्या तरी इंजिनाचं नुकसान होऊ शकतं. पुढचं सगळं बाहेरच्या बेल्टवर चालणाऱ्या पंपासाठी आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट परातीत काढा आणि लगेच झाकून ठेवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतलं कुत्रं चाटून मरू शकतं. पुली आणि पंप काढा. बोल्ट सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्याचा बोल्ट त्याच जागी खोचा.

आता बैठक. जुना कागदी गॅस्केट (पंप आणि इंजिन यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ थर) ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, असा चिकटलेला असतो की हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. मीही तेच केलं होतं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. टोक एकदा घसरलं आणि केसाएवढा ओरखडा आतून बाहेरपर्यंत उमटला. तेवढ्यातून दाबाखालचं कूलंट आरामात वाट काढतं. म्हणून प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचरच वापरा. गॅस्केट थिनरने भिजवा, पंधरा मिनिटं थांबा, मग आडवं खरवडा. आधी आतल्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर कपचे कूलंटच्या वाटेत पडतात. पॉलिश पेपर नको; तो कडा गोल करतो. शेवटी स्टीलची पट्टी बैठकीवर उभी धरा आणि मागून बॅटरी मारा. कुठून उजेड फटीतून आला तर तिथे गळणार.

दुसरी चूक मला बऱ्याच उशिरा कळली. ज्या भोकांचा तळ बंद असतो त्यांत कूलंट साठून राहतं. बोल्ट आवळला की तो त्या पाण्यावर अडतो. हाताला वाटतं घट्ट बसला, पण पंप दाबला गेलेलाच नसतो. काडीला कापूस गुंडाळून किंवा हवा मारून प्रत्येक भोक कोरडं करा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

स्वच्छ बैठकीवर कागदी गॅस्केट कोरडा बसतो. सिलिकॉन लावायचाच असेल तर नखाने पसरवल्यासारखा पातळ. जाड लावला की आतल्या बाजूला दाबून निघालेली गोळी सुटते आणि रेडिएटरमध्ये जाऊन अडकते. रबरी रिंग असेल तर तिला फक्त कूलंटचं बोट फिरवा. बोल्ट आधी सगळे हाताने, मग समोरासमोरचे आलटून पालटून, दोन फेऱ्यांत. दहा नंबरच्या पान्याचे हे सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरवर बसतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, भाड्याने तरी आणा. लांब पान्यावर जोर लावलात तर ब्लॉकमधले आटे उपटून येतील.

पुली, बेल्ट, होज जागच्या जागी.

भरताना तयार कूलंटच घ्या, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. बोअरचं पाणी नको आणि नर्मदेचं नळाचंही नको. त्यातले क्षार आत साचतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. वरचा होज अचानक तापला की थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला. पातळी खाली जाईल, तेवढं भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत गाडीजवळच थांबा.

रात्री इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा. आठवडाभर शहरातच चालवा, रोज सकाळी तीच पाहणी करा. घाट त्यानंतर.